मॉरिशसचं घर नागपुरात बसून ठरवू नका

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं नागपूरचे. माझं वय ६२, यांचं ६७. मी शाळेतून निवृत्त झाले, हे सरकारी खात्यातून. नागपूरचा मे महिना आता सोसवत नाही. गेल्या वर्षी यांना दोनदा ऊन लागलं. म्हणून यंदा मेच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत मॉरिशसला घर भाड्याने घेऊन राहायचं मनात आहे. इंटरनेटवर एक बंगला सापडलाय. तीन खोल्या, समोर समुद्र, पोहायचा तलाव, आणि भाडं आम्ही धरलं होतं त्याच्या निम्मं. मालक लंडनला असतो म्हणे. अडीच महिन्यांचं भाडं आधी बँकेतून पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असं म्हणतो. यांना समोर समुद्र हवाच आहे, पण गुडघे दुखतात आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. आम्ही शाकाहारी. मुलगा म्हणतो, एवढ्या पैशात चांगल्या हॉटेलात दहा दिवस राहून या. मला घरच हवंय. पण खरं सांगू का, तिथे जाऊनही दोन वेळचा स्वयंपाकच करायचा असेल तर मग काय बदललं? हे यांच्याशी अजून बोलले नाही. जाता जाता आणखी एक विचारते, कुकर इथून न्यावा का?
– उन्हाळ्याला कंटाळलेली, नागपूर

सप्रेम नमस्कार ताई,

सगळ्यात आधी हे: त्या लंडनच्या मालकाला एक रुपयाही पाठवू नका. पाठवला असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आत्ताच्या आत्ता बँकेत जा. भाडं निम्मं, मालक परदेशी, किल्ली कुरिअरने आणि पैसे आधी, या चार गोष्टी एकत्र आल्या की ते घर त्या माणसाचं नसतं. फोटो दुसऱ्याच कुणाच्या घराचे उचललेले असतात. खात्री करायची असेल तर त्याला एवढंच सांगा: तिथल्या कुणालातरी घरात पाठवा, व्हिडिओ कॉल लावा, स्वयंपाकघराचा नळ सोडून दाखवा आणि मग फाटकाबाहेर येऊन रस्ता दाखवा. खरा मालक दोन दिवसांत सोय करतो. खोटा कारणं सांगतो, आणि मग ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणून घाई करतो. परदेशी खात्यात एकदा गेलेले पैसे परत मिळवणं फार कठीण असतं. निवृत्तीचे पैसे आहेत हे, ताई.

तुमचा बेत मात्र मला मनापासून आवडला. तुम्ही निवडलेले महिनेसुद्धा योग्य आहेत. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपला मे-जून-जुलै म्हणजे तिथला हिवाळा. नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असतं तेव्हा तिथल्या किनाऱ्यावर दुपारी २५ अंशांच्या आसपास हवा असते आणि रात्री पातळ पांघरूण लागतं. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत धरतात, पण मेमध्ये वादळ विरळाच. डिसेंबर-जानेवारीची गर्दी आणि तेव्हाचे चढे दर, दोन्ही तुमच्या वाट्याला येणार नाहीत. मे-जूनमध्ये घरं रिकामी असतात, आणि अडीच महिने राहणारं शांत जोडपं मालकाला हवंच असतं. म्हणजे घासाघीस करायची ताकद तुमच्याकडे आहे. घाबरून, ‘हे गेलं तर दुसरं मिळणार नाही’ असं म्हणून ठरवायची काहीच गरज नाही.

आता समुद्राबद्दल. भाऊजींना समोर समुद्र हवा आहे, पण कोणता समुद्र हे त्यांनी ठरवलंय का? बेट लहान आहे, तुमच्या नागपूर जिल्ह्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. तरी त्याच्या चार बाजूंना चार वेगळी हवामानं आहेत. तिथे वर्षभर आग्नेयेकडून वारा वाहतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. तो आधी पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतो. मधल्या पठारावर चढताना ढग तिथेच रिकामे होतात. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पलीकडच्या पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे जे होतं तेच इथे तासाभराच्या अंतरात होतं.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा पूर्वेकडच्या बेल-मारच्या बाजूला फोटो पाहून घर घेतलं होतं, तेही जुलैत. फोटोत दिसणारा समुद्र खराच होता. पण सकाळी दहाला खिडकी उघडली की टेबलावरचे कागद उडायचे. रात्रभर दारं धडधडत. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहत आणि चष्म्यावर मिठाचा थर बसे. माझ्या आईला संधिवात होता, ती तर व्हरांड्यात एकदाही बसू शकली नाही. नवव्या दिवशी आम्ही घर सोडलं. मालकाने उरलेलं भाडं परत दिलं नाही आणि कागदावर तसं काही लिहिलेलंच नव्हतं. त्या नऊ दिवसांची चुटपूट मला अजून आहे, कारण आईचा तो शेवटचा प्रवास ठरला. म्हणून सांगते, भाऊजींचे गुडघे दुखत असतील तर मे ते जुलैत पूर्व किनाऱ्यावर घर घेऊ नका, फोटो कितीही सुंदर असले तरी. आणि मधल्या पठारावरचं क्यूरपीप भाड्याला स्वस्त पडतं म्हणून तिथेही जाऊ नका. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, धुकं, झिमझिम, आणि अंथरूण गार. उन्हापासून पळायचं म्हणून इतकं लांब पळायला नको.

तुमच्यासाठी पश्चिम किंवा वायव्य किनारा. माझ्या मते दोनच गावं पाहा: पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक आणि उत्तरेला पेरेबेर.

फ्लिक-आँ-फ्लाकला कोरडी हवा, लांबलचक सपाट किनारा, आणि त्यावर सुरूची झाडं. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यांवर असतात तशीच, तिथे त्यांना ‘फिलाव’ म्हणतात. संध्याकाळी अख्खं गाव सूर्यास्त बघायला तिथे येऊन बसतं. दुकानं, औषधांचं दुकान, राजधानी पोर्ट लुई आणि कात्र-बोर्न शहराकडे जाणाऱ्या बस, सगळं चालत जाण्यासारखं. कात्र-बोर्नहून मेट्रो मिळते. आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली आहे ती.

पेरेबेर म्हणजे ग्राँ-बेच्या शेजारची छोटी वाडी. ग्राँ-बेला बाजार, उपाहारगृहं, रात्रीचा गोंगाट सगळं आहे. पेरेबेरला त्याची सोय मिळते आणि रात्री झोपही लागते. तिथली पुळण चिमुकली, पाणी शांत. सर शिवसागर रामगुलाम यांच्या नावाचं मोठं सरकारी रुग्णालय त्याच भागात पांप्लेमूसला आहे, हे रक्तदाबाच्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखं.

या दोन्ही गावांत अगदी समुद्राला लागून असलेलं घर घेऊ नका, असं मी सांगणार आहे आणि भाऊजी रागावतील. त्याला तिथे ‘पिये दाँ लो’ म्हणतात, म्हणजे पाय पाण्यात. त्या दोन शब्दांची किंमत फार मोठी असते. पण मॉरिशसमध्ये पुळण कुणाच्याच मालकीची नसते. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सगळ्यांसाठी खुला आहे, मोठ्या हॉटेलांसमोरचासुद्धा. मग समुद्र रोज दोनदा फुकट भेटत असताना त्याचं भाडं का भरायचं? चालत दहा मिनिटांवर, मधल्या गल्लीत, खालच्या मजल्यावर घर घ्या. वाचलेले पैसे टॅक्सीला वापरा. भाऊजींना सांगा, आपण समुद्र बघायला नाही, समुद्रावर जायला घर घेतोय. आणि गुडघ्यांना रोजचं ते चालणं बरंच आहे, रस्ता सपाट असेल तर. मात्र उघड्या पायांनी पाण्यात उतरू नका, प्रवाळाचे तुकडे असतात, साळिंद्रासारखे काटे असलेले समुद्री प्राणी असतात, दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो. रबरी बूट तिथेच मिळतात.

आता घर कसं शोधायचं ते. माझं म्हणणं एवढंच आहे: इथून घर घेऊ नका, इथून फक्त दहा दिवसांची सोय करा. पाच दिवस फ्लिक-आँ-फ्लाकला, पाच दिवस पेरेबेरला, एखाद्या साध्या अतिथिगृहात किंवा छोट्या सदनिकेत. नोंदणी पैसे परत मिळण्याच्या अटीवर करा. विमानतळावरचे अधिकारी राहण्याचा पत्ता आणि परतीचं तिकीट विचारतात, त्यालाही या नोंदणीचा उपयोग होतो. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, किती दिवस राहायचं ते पोहोचल्यावर पारपत्रावर शिक्क्याने ठरतं. तुमचा मुक्काम अडीच महिन्यांचा, म्हणून तो शिक्का नीट वाचा आणि त्या तारखेपलीकडचं भाडं आगाऊ भरू नका. मुदत वाढवायची तर पोर्ट लुईच्या पारपत्र कार्यालयात अर्ज करावा लागतो. तो पहिल्याच आठवड्यात करा, शेवटच्या नाही.

मग त्या दहा दिवसांत चाला. तिथे घराच्या फाटकावर पाट्या असतात, ‘आ लुए’, म्हणजे भाड्याने देणे आहे. जाहिरातीत न आलेली कितीतरी घरं अशी पाटीवर असतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारा. रस्त्यावर इंग्रजी बहुतेकांना कळतं, पण क्रिओल या तिथल्या रोजच्या बोलीतलं एक वाक्य पाठ करून जा: ‘मो पे रोद एन लाकाझ पू लुए’, मी भाड्याने घर शोधतेय. वाक्य तुटकं निघालं तरी चालेल. परक्या बाईने आपली भाषा बोलायचा प्रयत्न केला की दुकानदार गल्ल्यामागून बाहेर येतो आणि आपल्या मावशीच्या घरापर्यंत घेऊन जातो. माझं दुसरं घर मला असंच मिळालं. नंतर मी तीनदा त्याच घरी गेले.

घर पाहायला दोनदा जायचं. एकदा भर दुपारी, एकदा रात्री आठनंतर. दुपारी हवा कशी खेळते ते कळतं आणि रात्री कुत्री किती भुंकतात ते. तिथे मोकाट कुत्र्यांचा त्रास आहे, शेजारच्या हॉटेलात शनिवारी गाणीबजावणी असते. जूनमध्ये पावणेसहाला सूर्य मावळतो, त्यामुळे गल्लीत दिवे आहेत की नाहीत हेही रात्रीच कळेल. कमी दिसत असताना भाऊजींना खडबडीत रस्त्यावरून चालावं लागू नये.

आत गेल्यावर आधी नळ सोडा. ‘एना दिलो?’ विचारा, पाणी आहे का? दिलो म्हणजे पाणी. कोरड्या महिन्यांत तिथे ठराविक वेळीच पाणी येतं, म्हणून गच्चीवर टाकी आहे का आणि पंप चालतो का हे पाहायचं. मग गरम पाणी: सौर बंब असेल तर ढगाळ दिवशी काय करायचं ते विचारा. खिडक्यांना डासांच्या जाळ्या हव्यातच, या बेटावर डेंगी आणि चिकुनगुन्या दोन्ही होऊन गेलेत. न्हाणीघराच्या दाराशी पायरी आहे का, कमोडजवळ धरायला काही आहे का, हे गुडघ्यांसाठी. ‘रे-द-शोसे’ म्हणजे तळमजला, हा शब्द लक्षात ठेवा, आणि पहिल्या मजल्याचं घर कितीही छान असलं तरी जिना चढून बघायलासुद्धा जाऊ नका. आवडलं तर मोह होईल. गाद्यांवर आडवं होऊन पाहा. संकोच करू नका, पंचाहत्तर रात्री काढायच्या आहेत. कपाट उघडून वास घ्या. बुरशीचा वास आला तर रंग कितीही ताजा असो, ते घर सोडून द्या.

घर जुनं, साधं, काँक्रीटच्या सपाट छपराचं दिसलं तर नाक मुरडू नका. १९६० च्या ‘कॅरोल’ चक्रीवादळाने लाकडी आणि पत्र्याची हजारो घरं जमीनदोस्त केली, तेव्हापासून लोक काँक्रीटकडे वळले. दिसायला ठोकळा असतं, पण आत कोरडं आणि शांत. किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या घराला तिथे ‘काँपमाँ’ म्हणतात, आणि जुन्या पद्धतीचं, पानांनी शाकारलेलं काँपमाँ अजून कुठेकुठे दिसतं. एक दिवस जाऊन पाहा, राहायला नको.

पैशांबद्दल. मालकाने ‘रुपये’ म्हटलं की ते मॉरिशसचे रुपये. एकाला आपले पावणेदोन ते दोन पडतात. किनाऱ्यावरचे काही मालक युरोत भाव सांगतात, तेव्हा रुपयांत आकडा लिहून मागा. दर महिन्याचं भाडं महिन्याच्या सुरुवातीला आणि एक महिन्याची अनामत, यापेक्षा जास्त आगाऊ देऊ नका. दलालामार्फत गेलात तर त्याचा मेहनताना कोण देणार ते घर बघण्याआधी विचारा. पर्यटकांना घर देणाऱ्या मालकाकडे तिथल्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना असावा लागतो, तो दाखवा म्हणायला लाजू नका. वीज भाड्यात धरली आहे की मीटरप्रमाणे, पाणी कुणाकडे, इमारत असेल तर देखभालीचा खर्च कोण भरणार, वेळेआधी घर सोडलं तर उरलेल्या भाड्याचं काय, हे सगळं कागदावर. माझ्याकडे तेवढा शेवटचा एक मुद्दा लिहिलेला नव्हता. करार फ्रेंचमध्ये असेल तर सही करायच्या आधी एक रात्र मागून घ्या आणि मुलाला फोटो पाठवा. आत जाताना घराच्या आणि सामानाच्या स्थितीची यादी करतात, ‘एता दे ल्यू’ म्हणतात तिला. त्या यादीवर विसंबू नका. मोबाइलने प्रत्येक खोलीचं चित्रीकरण करा, फुटलेली फरशी, डाग, विजेच्या मीटरचा आकडा, सगळं, आणि तिथेच उभं राहून मालकाला पाठवून द्या. तुमच्या मोबाइलवरची यूपीआय सेवा फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमधल्या बऱ्याच दुकानांत चालते, पण बाजारातल्या भाजीवालीसाठी सुटे पैसे हवेतच.

औषधं पूर्ण मुक्कामाची न्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर आधी परवानगीची चौकशी करा, त्याबाबतीत ते फार कडक आहेत. ताजी फळं, बिया, रोपं नेऊ नका. कढीपत्त्याची फांदीसुद्धा नाही. तिथे ‘कारीपुले’ म्हणून ढिगाने मिळतो.

आणि आता ते, जे तुम्ही भाऊजींशी बोलला नाहीत.

ताई, तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य मी तीनदा वाचलं. घर भाड्याने घेतलं की स्वयंपाकघरही येतं, आणि स्वयंपाकघर आलं की ते कुणाच्या वाट्याला येतं हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. मुलगा हॉटेल सुचवतोय ते पैशांचा हिशोब करून. पण तुम्हाला हॉटेल नको आहे. तुम्हाला सकाळचा आपला चहा, आपली वेळ, दार लावून दुपारी आडवं होणं हवंय. ते घरातच मिळतं. फक्त ते घर तुमच्यासाठी नोकरीची दुसरी जागा होता कामा नये. म्हणून तिकिटं काढायच्या आधी बोला. तिथे गेल्यावर नाही. तिथे पहिल्या दिवशी तुम्ही कणीक मळलीत की पंचाहत्तर दिवस मळाल.

काय बोलायचं तेही सांगते. दिवसातून एकच वेळ स्वयंपाक, तोही साधा. सकाळचा चहा-नाश्ता भाऊजींचा. बाजार त्यांचा, पिशवी त्यांच्या हातात. भांडी दोघांची, किंवा आठवड्यातून तीनदा कुणी मदतीला येईल का हे घरमालकिणीला विचारायचं. आणि उरलेलं जेवण बाहेरचं, कारण मॉरिशससारखी सोय शाकाहारी माणसाला परदेशात क्वचितच मिळते. रस्त्यावर ‘धोल पुरी’ विकतात, नेहमी जोडीने देतात. पिवळी डाळ शिजवून, वाटून, लाटीत भरलेली पातळ पोळी. आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीणच ती. आत वालासारख्या मोठ्या दाण्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा, आणि ‘साटिनी’, म्हणजे चटणी. दोघांचं दुपारचं जेवण दोन जोड्यांत होतं. ‘फराटा’ म्हणजे पराठाच. बाजारात भेंडी ‘लालो’ नावाने भेटेल, कारलं ‘मार्गोज’, आणि कोथिंबीर ‘कोतोमिली’. भाऊजींना या नावांची यादी करायला द्या. निवृत्त माणसाला असं काम आवडतं, आणि भाजीवाल्या बायका त्यांना दोन दिवसांत ओळखू लागतील.

बोलताना ते म्हणतील, ‘मग एवढ्या लांब जाऊन बाहेरचंच खायचं तर हॉटेल काय वाईट?’ तेव्हा आवाज न चढवता एवढंच म्हणा, ‘मला तुमच्याबरोबर समुद्रावर बसायचंय आणि सहा वाजता उठून कुकर लावायला परत यायचं नाहीये.’ चाळीस वर्षांनी हे वाक्य ऐकणाऱ्या माणसाला ते कळतं. नाही कळलं तर मला पुन्हा लिहा, पण तिकिटं तोवर काढू नका.

एकटेपणाची भीती तुमच्या पत्रात सरळ नाही, पण ‘तिथे आपलं कुणी असेल का’ असा एक प्रश्न तुम्ही लिहून खोडलेला दिसतो. आहेत ताई. १८३४ पासून कंत्राटी मजुरांची जहाजं या बेटावर उसाच्या कामाला माणसं आणत होती. त्यांतली काही मुंबई बंदरातून निघाली आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली कितीतरी कुटुंबं होती. पोर्ट लुईला ज्या पायऱ्या चढून ती माणसं उतरली, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसा आहे. तिथे एक सकाळ नक्की काढा. त्यांचे वंशज घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण मराठी शाळेत शिकवली जाते, गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि ‘झाकरी’ नावाचं नाचगाणं त्यांनी कोकणातून नेलेलं जपून ठेवलंय. फ्लिक-आँ-फ्लाकहून थोड्याच अंतरावर कास्कावेल नावाचं गाव आहे, तिथे मराठी वस्ती जुनी आहे. तुम्ही शिक्षिका होता. तिथल्या एखाद्या मराठीच्या बाईंशी ओळख करून घ्या आणि मुलांची गोष्टींची पुस्तकं चार-पाच घेऊन जा. मी नेली होती. एका आजींनी त्यातली म्हण वाचून पाहिली, दुसऱ्यांदा वाचली, आणि मग म्हणाल्या की आमची आई हे बोलायची, आम्हाला अर्थ माहीत नव्हता. मी तेव्हापासून फ्लिक-आँ-फ्लाकच्याच बाजूने आहे हे लपवत नाही. दोन्ही गावं पाहा म्हणाले खरी, पण माझं मत तिकडे झुकतं. उसाची शेतं, मधूनच काळ्या दगडांच्या राशी, आपल्या दख्खनच्या दगडासारखाच लाव्हाचा दगड. बसमधून जाताना डोळे मिटले-उघडले तर साताऱ्याकडे आलोय असं वाटतं.

मुलाला सांगा की हॉटेलचा दहा दिवसांचा खर्च आणि आतल्या गल्लीतल्या घराचा अडीच महिन्यांचा खर्च कागदावर शेजारी शेजारी मांड. विमानाचं भाडं दोन्हीकडे तेवढंच धर. आणि त्याला एक कामही द्या, कराराचा कागद वाचायचं. दुरून काळजी करण्यापेक्षा ते बरं.

कुकर न्या. पण कोणता, ते नीट ऐका. सुट्टीच्या घरांत बहुतेक दोन तऱ्हेच्या शेगड्या असतात. कुठे गॅसची, १२ किलोच्या टाकीवरची, कुठे काचेसारखी सपाट विजेची. विजेची शेगडी इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. म्हणून तीन लिटरचा, सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा न्या, मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. एक जादा रबर आणि एक जादा झडप पाकिटात घालून ठेवा, ती तुमच्या कुकरच्या मापाची तिथे मिळण्याची खात्री नाही. मिक्सर नेऊ नका. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, पण प्लगचे पाय चौकोनी आणि आपले गोल. मोबाइलच्या चार्जरसाठी प्लगचे दोन ॲडॉप्टर मात्र नागपुरातच घेऊन ठेवा. आणि कुकर भाऊजींच्या बॅगेत भरा.